उत्सव आणि शेजारधर्म

मनुष्याला अन्नाची जशी गरज आहे तशीच उत्सवाचीही आहे, हें आतां कोणाला पटवून द्यावें लागत नाहीं. वर्षाचे बहुतेक दिवस जो एकटा राबतो, त्याला उरलेल्या दिवसांपैकीं कांहीं दिवस तरी चार माणसांत मिसळून हंसावें-गावें असें वाटतें. आणि ज्याला तसें कधींच वाटत नाहीं तो मनुष्य आम्हांस थोडा संशयास्पदच वाटतो. तेव्हां उत्सव असावा कीं नसावा हा प्रश्न आम्हांला येथें चर्चेस घ्यावयाचा नाहीं. आमचा प्रश्न त्याहून लहान, पण आमच्या मतें अधिक अडचणीचा आहे. अनेकांच्या आनंदाला एकाच्या स्वस्थतेवर हक्क सांगतां येतो काय? येत असल्यास कोठपर्यंत? रस्ता सर्वांचा, नदी सर्वांची, देवही सर्वांचा. मग त्या रस्त्यावरून, त्या नदीकडे, तो देव घेऊन जाणाऱ्यांनीं कडेला राहणाऱ्याला काय विचारावें, आणि त्यानें किती सोसावें?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो वाईच्या घाटावर. 'घाट' हा शब्दच मोठा चमत्कारिक आहे. डोंगर चढून जाण्याची वाट तीही घाट, आणि पाण्यांत उतरण्याच्या पायऱ्या त्याही घाट. वाईकराला हे दोन्ही घाट जन्मापासून ठाऊक असतात. एका अंगास पांडवगड, दुसऱ्या अंगास वैराटगड, वर पांचगणीकडे चढत जाणारा पसरणीचा घाट, आणि या डोंगरांच्या मधोमध धोमकडून येणारी कृष्णा. सकाळीं नदीवर जाऊन पाहावें. एका पायरीवर कोणी स्नान करून सूर्याला अर्घ्य देत असतो. त्याच्या चार पायऱ्या खालीं कोणी बाई गोधडी आपटीत असते. पलीकडे पोरें पाण्यांत उड्या मारीत असतात. आणि वरच्या कट्ट्यावर दोन पेन्शनर गृहस्थ जगाच्या कारभारावर मत देत बसलेले असतात. कोणी कोणाला हटकीत नाहीं. धुणाऱ्या बाईचे शिंतोडे अर्घ्य देणाराच्या अंगावर उडूं नयेत इतकी काळजी ती बाई घेते, आणि तिच्या आपटण्याच्या आवाजानें आपला मंत्र चुकला अशी तक्रार तो गृहस्थ करीत नाहीं. नीतिशास्त्राचे ग्रंथ ज्या गोष्टीसाठीं शेंकडों पानें खर्च करतात ती गोष्ट येथें पायरीपायरीवर रोज, कोणी न शिकवितां, घडत असते.

थंडी सरूं लागली कीं याच पायऱ्यांवर कृष्णाबाईचा उत्सव येतो. गणपति आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्या. प्रत्येक आळीचा घाट निराळा आणि प्रत्येकीच्या उत्सवाचे दिवस निराळे. नदीचीच देवीरूप मूर्ति मंडपांत बसवावयाची, कीर्तनें-प्रवचनें करावयाचीं, प्रसादाच्या पंगती उठवावयाच्या, आणि आपले दिवस संपले कीं पुढच्या आळीला वाट करून द्यावयाची. परंपरा अशी सांगते कीं, १६५९ सालीं अफझलखानाचा तळ वाईस पडला असतां येथील एका शास्त्र्यांनीं कृष्णेला नवस केला, आणि त्या वर्षीं नोव्हेंबरांत प्रतापगडाच्या पायथ्याशीं संकट टळल्यावर तो नवस उत्सवाच्या रूपानें फेडला गेला. परंपरेंतील तपशील इतिहासाच्या तराजूंत कसा उतरेल तो उतरो. आम्हांस त्यांतील दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली ही कीं, हा उत्सव विजयाचा असूनही त्यांत पूजा होते ती तलवारीची नव्हे, पाण्याची. दुसरी ही कीं, सर्व आळ्यांनीं एकाच दिवशीं एकमेकींवर आवाज चढविण्याऐवजीं पाळी लावून घेतली. पाळी ही अगदीं साधी युक्ति आहे. पण दुसऱ्यालाही माझ्याइतकाच हक्क आहे, ही कबुली तींत आधींच देऊन ठेवलेली असते.

उत्सवाच्या बाजूनें जें सर्वांत चांगलें बोललें गेलें आहे तें योगायोगानें दुसऱ्या एका डोंगर-पाण्याच्या नगराविषयीं बोललें गेलें आहे. जिनीव्हा हें आल्प्सच्या छायेंत सरोवराच्या कांठीं वसलेलें शहर. तेथें नाटकगृह असावें अशी सूचना दालांबेर या फ्रेंच विद्वानानें केली, तेव्हां रूसोनें १७५८ सालीं त्यास एक लांबलचक पत्र लिहून उत्तर दिलें. त्याचें म्हणणें असें कीं, अंधाऱ्या जागेंत बसून दुसऱ्याचें सुखदुःख पाहण्यापेक्षां लोकांनीं मोकळ्या आकाशाखालीं जमावें, आणि प्रेक्षक होते त्यांनींच स्वतः खेळ व्हावें. म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्यांत स्वतःला पाहील आणि सर्वांचें ऐक्य वाढेल. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं ज्या सांगलींत 'सीतास्वयंवर' उभें केलें त्या सांगलीला नाटकाविरुद्धचा हा युक्तिवाद पटणार नाहीं हें उघड आहे. पण उत्सवाविषयींचा त्यांतला भाग कोणालाही पटावा असा आहे. बावधनचें बगाड रंगपंचमीला निघतें तेव्हां तें अवजड लांकडी धूड ओढण्यासाठीं गांवचे बैल जुंपतात. त्या एका दिवसासाठीं शेतकरी वर्षभर बैलाला जपतो. सांगलींत संस्थानच्या गणपतीची मिरवणूक पांचव्या दिवशीं कृष्णेच्या घाटाकडे जाते, साताऱ्यांत दसऱ्याला भवानी तलवारीची पालखी जलमंदिरांतून पोवई नाक्यापर्यंत येते, तेव्हां दुकानदार, कारकून, हमाल, वकील हे आपापले उंबरठे सोडून एका रस्त्यावर येतात. रोजचें जीवन माणसांना धंद्यांप्रमाणें आणि भिंतींप्रमाणें वेगळें करतें. उत्सव त्या भिंती कांहीं घटका तरी विसरावयास लावतो. हें थोडें नव्हे.

परंतु रूसोनें एक गोष्ट गृहीत धरली होती. त्याच्या चित्रांत सर्वच माणसें नाचत आहेत. जो नाचत नाहीं, किंवा ज्याला कोणी नाचूं देत नाहीं, तो त्या चित्रांत कोठेंच दिसत नाहीं. आणि आमच्या प्रश्नाचा सगळा कस त्याच माणसापाशीं लागतो.

असा एक मुलगा याच सातारा जिल्ह्यांत होऊन गेला. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत ज्याचें नांव घातलें गेलें तो भीमराव पुढच्याच वर्षीं सुटींत भावाभाच्यांबरोबर वडिलांना भेटावयास निघाला. मुलांना प्रवासाचा उत्सवच वाटत होता; नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीची पहिली ओळख. मसूर स्थानकावर उतरल्यावर, हीं मुलें महार आहेत एवढें कळतांच त्यांचा उत्सव संपला. गाडीवाला त्यांच्याबरोबर गाडींत बसेना. दुप्पट भाडें घेऊन तो पायीं चालला आणि गाडी मुलांनीं हांकली. बरोबर अन्न होतें, पण पाणी कोणी देईना, म्हणून तीं मुलें उपाशीच निजलीं. पुढें बाबासाहेब आंबेडकरांनीं ही हकीकत स्वतःच लिहून ठेविली. कृष्णेच्या प्रदेशांत मुलांना पाणी मिळूं नये! ज्या लोकांनीं नदीला आई म्हटलें त्यांनींच तिच्या पाण्याला पहारे बसविले होते. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं जें घडलें त्याचें बीज अशा अनेक तहानलेल्या रात्रींत आहे. तेव्हां 'आमचा उत्सव', 'आमचा घाट' असें आपण म्हणतों, त्या वेळीं 'आमचा' या शब्दाच्या आंत कोण आणि बाहेर कोण, हें एकदां मोजून पाहणें अवश्य आहे.

आज पाण्यावर पहारा बसविणें गुन्हा आहे. पण 'आमचा' या शब्दाबाहेर माणसांना ढकलण्याच्या दुसऱ्या रीति निघाल्या आहेत, आणि त्यांतली एक आम्हीं घरांत बसून अनुभवली. कांहीं वर्षांपूर्वीं साताऱ्याच्या एका पेठेंत, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या अरुंद बोळांत, आमची एक वृद्ध आत्या शेवटच्या दुखण्यांत पडलेली होती. विसर्जनाचा दिवस होता. संध्याकाळीं एक मंडळ ढोल-ताशे वाजवीत आलें. आमच्या दाराशीं कोणीतरी खूण केली असावी. त्या मुलांनीं वाजविणें थांबविलें, मूर्ति क्षणभर खिडकीकडे वळविली, आणि चौक ओलांडून गेल्यावर पुन्हां ढोल सुरू झाला. आत्यानें पडल्यापडल्या हात जोडले. त्यानंतर तासाभरानें दुसरें मंडळ आलें. त्याच्या गाडीवर माणसाच्या उंचीचे ध्वनिक्षेपक रचलेले होते. खिडकीचीं तावदानें थरथरूं लागलीं, औषधाच्या बाटल्या फळीवर सरकूं लागल्या, आणि आत्यानें दोन्ही कानांवर हात ठेवून तोंड भिंतीकडे फिरविलें. आम्ही खालीं उतरून हात जोडून विनंति केली. पुढें असलेला तरुण उद्धट नव्हता. तो आमच्या कानाशीं तोंड आणून म्हणाला, "काका, वर्षांतून एकदांच असतं हो." आणि मिरवणूक तेथेंच, बोळाच्या तोंडाशीं, अर्धा तास नाचली.

ती पुढें गेल्यावर आत्यानें विचारलें, "गणपती कसा होता रे? मला दिसलाच नाहीं." हें वाक्य आम्हांला अजून विसरतां येत नाहीं. कारण तोंवर आमच्या मनांत जी फिर्याद तयार होत होती ती 'उत्सव करणारे' विरुद्ध 'शांतता मागणारे' अशी होती; आत्याच्या एका प्रश्नानें ती खोटी ठरविली. ती उत्सवाची शत्रु नव्हती. साठ वर्षें तिनें त्याच देवाला उकडीचे मोदक केले होते. ज्या मिरवणुकीनें तिला कानांवर हात ठेवावयास लावलें त्या मिरवणुकीनें आपल्याच एका भाविकाला देवापासून तोडलें होतें.

'वर्षांतून एकदांच' हा युक्तिवाद तुच्छ मानण्यासारखा नाहीं. रोजचा त्रास आणि वर्षांतला एक दिवस यांत अंतर आहे, आणि शेजाऱ्यानें त्या एका दिवसाला थोडें सोसावें ही अपेक्षा न्याय्यच आहे. तान्हें मूल रडतें म्हणून सनई बंद करा असें कोणी म्हणत नाहीं. पण हा युक्तिवाद करणारानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं, आजाऱ्यालाही त्याची ती रात्र एकदांच आलेली असते. शिवाय सोसण्याची विनंति करणें वेगळें आणि सोसणें गृहीत धरणें वेगळें. पहिल्या मंडळानें आमच्या खिडकीखालीं वाजवून नंतर क्षमा मागितली असती तरी आम्हांला राग आला नसता. कारण क्षमा मागण्यांत, येथें कोणी राहतें ही जाणीव असते. दुसऱ्या मंडळाला ती जाणीवच नव्हती. त्याच्या दृष्टीनें बोळांत घरें होतीं, माणसें नव्हतीं.

आणि आम्ही तरी कोण मोठे निर्दोष! आमच्याच घरच्या एका लग्नांत वरात मध्यरात्रीपर्यंत वाजत राहिली होती, आणि शेजारच्या घरांत परीक्षेचा विद्यार्थी आहे हें आम्हांला दुसऱ्या दिवशीं कळलें. कळलें म्हणण्यापेक्षां, आम्हीं आदल्या दिवशीं विचारलें नव्हतें असें म्हणणें खरें होईल. तरुणांच्या मंडळांना उपदेश करणाऱ्या आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्या घरच्या वरातींचा हिशेब आधीं मांडावा.

या ठिकाणीं कोणी म्हणेल कीं, कायदा आहे, त्याची अंमलबजावणी करा म्हणजे झालें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रहिवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली आहे, आणि रात्रीचे दहा ते सकाळचे सहा हा काळ रात्रीचा धरला आहे. नियम चांगले आहेत. ते पाळले गेले पाहिजेत याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण कायदा आवाज मोजूं शकतो, खिडकी ओळखूं शकत नाहीं. पहिल्या मंडळानें ढोल थांबविला तो कोणत्याही कलमासाठीं नव्हे.

गोपाळ गणेश आगरकर हे याच कृष्णाकांठचे. कऱ्हाडजवळील टेंभू येथें १८५६ सालीं त्यांचा जन्म झाला. मिल्लचा १८५९ चा स्वातंत्र्यावरील ग्रंथ त्यांच्या पिढीनें श्रद्धेनें वाचला, आणि दुसऱ्याचें नुकसान होतें तेथें माझें स्वातंत्र्य थांबतें हें तत्त्व आगरकरांच्या लेखणीनें मराठींत रुजविलें. त्यांचेच एके काळचे सहकारी टिळक यांनीं १८९३ पासून पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलें. एकानें व्यक्तीकडे पाहिलें, दुसऱ्यानें समूहाकडे. शंभराहून अधिक वर्षें आपण या दोघांपैकीं एकाची निवड करावी लागते असें मानीत आलों. वस्तुतः तशी निवड करण्याचें कारण नाहीं. खिडकीपुढें ढोल थांबविणारें मंडळ टिळकांचा उत्सव आगरकरांच्या बुद्धीनें करीत होतें.

कृष्णाकांठाला ही बुद्धि परकी नाहीं. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस भरतो त्यांत मानाचा पहिला गलेफ चढविण्याचा मान चर्मकार समाजाचा आहे. समाजानें ज्यांना शेवटच्या पायरीवर ठेविलें त्यांना देवाच्या दारीं पहिलें स्थान! त्याच दर्ग्याच्या आवारांत चिंचेच्या झाडाखालीं अब्दुल करीमखांसाहेबांच्या स्मरणार्थ गायक आपली सेवा रुजू करतात. कडेगांवच्या मोहरमांत गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात तेव्हां त्यांत हिंदु-मुसलमान दोघांचेही मान असतात. वाळवें तालुक्यांतील गोटखिंडीस पावसानें अडविलेला गणपति लोकांनीं मशिदींत नेऊन बसविला, आणि पुढें कित्येक दशकें तो तेथेंच बसत आला. पण हें सांगतांना दुसरी बाजू लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २००९ सालीं याच मिरजेंत गणेशोत्सवांतील एका कमानीवरील चित्रावरून दंगल उसळली. तें चित्र अफझलखानाच्या वधाचें होतें. ज्या प्रसंगाचें स्मरण वाईकर नदीची ओटी भरून करतात, त्याच प्रसंगानें दुसऱ्या गांवीं शेजाऱ्याला शेजाऱ्यासमोर उभें केलें. इतिहास तोच; भेद पडतो तो त्याच्या स्मरणाला आपण काय करावयास लावतों यांत. आभार मानावयास लावलें तर पंगत बसते. डिवचावयास लावलें तर दुकानें बंद होतात, आणि हातावर पोट असणारा दोन्ही धर्मांचा मनुष्य उपाशी राहतो.

मनुष्याखेरीज आणखी एक शेजारी या प्रांताला आहे. ती ही नदी. सांगलीकर तिला विसरूं म्हटल्यास ती विसरूं देत नाहीं. १९२९ सालीं बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशीं पाण्याची उंची मोजतात. पंचेचाळीस फुटांवर धोका मानला जातो. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी सत्तावन फुटांच्या वर गेलें. २००५ चा महापूर पाहिलेल्यांनींही असें पाणी पाहिलें नव्हतें. ब्रह्मनाळ येथें सुटकेची नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. त्या दिवसांत नावा हांकणारीं, छपरांवर भाकरी पोंचविणारीं, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन पाणी तुडविणारीं मुलें कोण होतीं? पुष्कळशीं तींच, जीं भाद्रपदांत मंडळांचे ढोल वाजवितात. आणि त्या वर्षीं अनेक मंडळांनीं उत्सव साधेपणानें करून वर्गणी पूरग्रस्तांकडे वळविली. जीं मुलें पुरांत प्रत्येक खिडकींत माणूस आहे हें ओळखतात तीं मिरवणुकींत तें विसरतात, याचा दोष आम्ही त्यांच्या स्वभावाला देत नाहीं. पुरांत प्रत्येक घर त्यांच्यासमोर एक एक करून येतें. मिरवणुकींत तें गर्दीमागें लपतें. उत्सवांतही घर दिसत राहील अशी सोय करणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे. मिरवणुकीच्या वाटेवर आजारी कोण, बाळंतीण कोण, दुःखांत कोण, याची यादी आदल्या दिवशीं एक फेरी मारली तरी होते. वर्गणीसाठीं दारोदार जावें लागतेंच. पावतीबरोबर एवढें विचारावयास किती वेळ लागतो? नदीलाही विचारतां आलें असतें तर, विरघळत नाहीं अशी मूर्ति माझ्यांत टाकूं नका, एवढेंच ती म्हणाली असती.

वाईच्या घाटावरील ढोल्या गणपतीचें देऊळ १७६२ सालीं गणपतराव रास्त्यांनीं बांधविलें. भक्त समोरून जातो, भव्य मूर्तीपुढें नमस्कार करतो आणि परततो. फार थोडे लोक देवळाच्या पाठीमागें जाऊन पाहतात. तेथें भिंत सरळ नाहीं. ती माशाच्या आकारासारखी निमुळती केली आहे, कां कीं पुराचें पाणी आलें तर तें दुभंगून दोन्ही बाजूंनीं जावें. देव मोठा, पण नदी आधींची, हें त्या बांधणाराला माहीत होतें. जिच्या कांठीं राहावयाचें तिला वाट देऊन त्यानें देवाला जागा करून दिली, आणि अडीचशें वर्षांवर ती जागा टिकली.

आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या मागच्या भिंतींत दिसतें. अनेकांच्या आनंदाला एकाकडून कांहीं सोसून घेण्याचा हक्क आहे; पण तो हक्क, त्या एकाला वाट ठेवली असेल तरच. उत्सवाची पारख समोरून, रोषणाईवरून आणि गर्दीवरून करूं नये. ज्याला त्यांत येतां येत नाहीं त्याच्या दारावरून तो कसा जातो, यावरून करावी.

कृष्णाबाईचा उत्सव संपला कीं मंडप उतरतो, देवी परत जाते, पायऱ्या धुतल्या जातात. दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही तेथें गेलों, तेव्हां एक बाई काल जेथें कीर्तनकार उभे होते त्याच पायरीवर आपली गोधडी आपटीत होती. आम्हांला पाहून ती किंचित् सरकली, आणि आम्हीही दोन पायऱ्या सोडून पाण्यांत उतरलों.